काकांनी लपवलेल्या कॅप्सूल

सुधाकरकाका लिफ्टसाठी थांबायचेच नाहीत! गुरगावातली आमची सोसायटी नवीकोरी, लिफ्ट चकाचक, आणि हा माणूस सातव्या मजल्यावर जिन्याने. मागून मी धापा टाकत. "चलो यार, उभं राहून काय मिळतं?" हे त्यांचं ठरलेलं. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं खुर्चीत काढली, रिटायर झाल्यापासून बसणं म्हणजे शिक्षाच. जेवतानासुद्धा पाय हलत असायचे.

मी लातूरहून नोकरीला आलेलो, त्यांच्याकडे पेइंग गेस्ट. उन्हाळ्यात मला जांघेत गजकर्ण झालं, डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. बरं वाटल्याबरोबर मी त्या अर्ध्यावर सोडल्या. एका रविवारी काका माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं. "मलाही झालंय. तुझ्या उरल्यात ना? काकूला बोलू नकोस, हसेल."

मी शब्दही दिला, कॅप्सूलही दिल्या! वर अक्कलही दिली, "काका, बिल्कुल साफ होतं!" रोज जेवणानंतर ते कोलेस्ट्रॉलची गोळी घेतात हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. डोक्यात आलंच नाही.

आठ-दहा दिवसांत काका तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले. मांड्या ठणकत होत्या. "जास्त चाललो असेन," म्हणाले. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी! काकू आणि मी त्यांना धरून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोलेस्ट्रॉल के अलावा कोई दवा?"

"कुछ नहीं," काका म्हणाले, आणि माझं मनगट घट्ट दाबलं. काकू शेजारीच. मी शब्द दिलेला. बाईंनी परत विचारलं. काकांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली.

"फंगस की कैप्सूल," माझ्या तोंडून निघालं. "मैंने ही दी थी।"

बाईंचं पेन थांबलं. त्या कॅप्सूलमुळे कोलेस्ट्रॉलचं औषध अंगात साठत जातं, म्हणाल्या, स्नायू तुटायला लागतात आणि ते सगळं किडनीवर येतं. दोन्ही औषधं तिथल्या तिथे बंद, सलाईन चालू.

काकूंना रडू फुटलं. "अहो, एवढ्यासाठी? हसले असते, आणि मलम आणून दिलं असतं!"

किडनी वाचली. पण काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी राहवेना, मीच विचारलं, "काका, मी गप्प बसलो असतो तर तुम्ही सांगितलं असतं?"

त्यांनी चादरीखाली पाय हलवून बघितले.

"नसतं रे सांगितलं," म्हणाले.