अनसिंगकडून पाच डॉलर

"थांब," म्हणून तो दाराबाहेरच उभा राहायचा, उजव्या हाताचा पंजा भिंतीवर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आत ड्रम वाजत असेल तर विटांतून थरथर यायची. ती आली की डोळे उघडून म्हणायचा, "चाल बे, भिंत बोलून राह्यली." भिंत गप्प असली तर पुढची गल्ली. मेलबर्नच्या लोकांना वाटायचं, याला चक्कर आली. एकदा एका म्हातारीने काळजीने पाण्याची बाटली हातात दिली. याने शांतपणे सगळं पाणी पिऊन तिला नमस्कार केला.

त्याचं नाव मी लिहीत नाही. तो इथेच असतो, अनसिंगला. वाशीमच्या बाजारात येतो-जातो. नाव छापलं तर म्हणतील, मी त्याच्यावर राग काढला. त्याचा माझ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो राग नाही, हेच माझं दुखणं आहे.

मी मूळचा रिसोडचा. हातगाडीवर मेथी-पालक विकत मोठा झालो आणि कोणाचा एक रुपया फुकट घेतला नाही. पंचविसाव्या वर्षी कुकरीच्या कोर्सच्या नावाखाली ऑस्ट्रेलियाला गेलो. कोर्स नावाला, पोट भरायचं ते भाजीच्या ठोक बाजारात क्रेट उचलून. तिथे पहिल्याच आठवड्यात कोथिंबिरीचं खोकं पायावर पडलं आणि माझ्या तोंडून घरची शिवी गेली. मागून आवाज आला, "कोन्या गावचा बे तू?" इतक्या लांब वाशीम जिल्ह्यातली शिवी ओळखणारा माणूस भेटणं म्हणजे काय, ते परदेशात एकट्याने भात खाल्लेल्यांनाच कळेल. त्याच दिवशी तो आपली गादी उचलून माझ्या खोलीत राहायला आला.

आमचं काम पहाटेआधी सुरू व्हायचं आणि दुपारी संपायचं. बाकीची पोरं झोपायची. हा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून निघायचा. कुठे? गाणी ऐकायला. त्या शहरात बिअरच्या दुकानांमागे लहान लहान खोल्या असतात. कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच, समोर तीसचाळीस माणसं. गाणारे कोणी नामांकित नसायचे. दिवसा टपाल वाटणारा, शाळेत शिकवणारी, रंगारी. स्वतःची गाणी स्वतःच लिहायचे, गायचे आणि शेवटी वायरीही स्वतःच गुंडाळायचे.

"हे आपल्या भीमजयंतीसारखं हाय," तो म्हणायचा. "गानारा बी मोहल्ल्यातलाच अन् सतरंज्या उचलनारा बी मोहल्ल्यातलाच." त्याचे वडील अशा कार्यक्रमांत गायचे. गाणं कळायला भाषा लागत नाही, असं मोठं वाक्य तो कधी बोलला नाही. उलट प्रत्येक गाण्याला मला विचारायचा, "काय म्हनून राह्यली ते? तुह्यं इंग्रजी चांगलं हाय." माझं इंग्रजी फक्त भाव करण्यापुरतं होतं. मी ठोकून द्यायचो, "नवरा सोडून गेला म्हनते." तो हळहळायचा. वर्षभरात मी निम्म्या मेलबर्नचे नवरे पळवून लावले.

मी दारावर तिकिटाचाही भाव करायचो. अर्धा कार्यक्रम झाला, अर्धे पैसे घ्या. तो लाजून पार कोपऱ्यापर्यंत चालत जायचा आणि तिथून ओरडायचा, "दे ना बाप्पा! वांगे घेऊन राह्यला काय?"

आता तो दिवस सांगतो. रविवारची दुपार होती. एक मुलगी एकटीच गिटार घेऊन गात होती. आवाज बारीक, पण टोकदार. खोलीत कोणी खोकत नव्हतं. तिथली रीतच तशी. गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. आणि हा उठला. लोकांमधून वाट काढत सरळ मंचावर चढला आणि पाच डॉलरची नोट तिच्यासमोर धरली.

आपल्याकडे कव्वालीत, भीमगीतांत हे चालतं, तुम्ही पाहिलंय. गाणं आवडलं की बक्षीस द्यायचं. गाणारा नोट घेतो, पेटीवर ठेवतो आणि माइकवर देणाऱ्याचं नाव-गाव पुकारतो. तेवढ्यासाठीच तर माणूस पुढे जातो. तिला काय माहीत? तिचं गाणं थांबलं. एक धिप्पाड माणूस याला खाली ओढायला निघाला. मी डोळे मिटून घेतले.

तिने मात्र हाताने त्या माणसाला थांबवलं आणि याला विचारलं, काय हवंय? हा माइकमध्ये वाकून म्हणाला, "फ्रॉम अनसिंग."

तिला वाटलं, ते त्याचं नाव. ती लोकांना म्हणाली, "अनसिंगकडून पाच डॉलर." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने तेच गाणं पहिल्यापासून घेतलं. बाहेर आल्यावर त्याचे डोळे ओले होते. "गावाचं नाव घेतलं बे तिनं," तो म्हणाला, "अन् बरोबर घेतलं."

तेव्हापासून त्या सगळ्या खोल्यांत तो 'अनसिंग' झाला. पुढे कोणीतरी त्याला बाजारातल्या सुट्टीत रिकाम्या क्रेटवर ठेका धरताना पाहिलं, ते त्या मुलीच्या कानावर गेलं. तिने त्याला बोलावलं. तिचा एका महिन्याचा कार्यक्रम ठरला होता, एकाच जागी चार रविवार. तिच्या गाण्याला हा क्रेट वाजवणार. बाहेरच्या पाटीवर तिच्या नावाखाली खडूने 'अनसिंग' लिहिलं होतं. त्याने त्या पाटीचा फोटो काढून वडिलांना पाठवला. वडिलांनी उलट विचारलं, "गावाचं नाव लिवलं, तुह्यं कुठं हाय?"

त्याच महिन्यात त्याच्या व्हिसाची मुदत संपत होती. वाढ मिळाली असती. कागद चांगले होते. अर्ज भरून देणारा एक एजंट होता, आपल्याकडचाच. त्याने फी सांगितली. हा मुकाट द्यायला निघाला होता. मी म्हटलं, "तू बस, मी बोलतो."

मी बोललो. तासभर टेबलावर हात आपटले, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, फी निम्म्यावर आणली. एजंट हसून म्हणाला, "ठीक आहे. मी अर्ज भरतो, कागद तुमचे तुम्ही तपासा." मी कॉलर ताठ करून बाहेर आलो. तो रस्ताभर माझं कौतुक करत होता.

गावाकडचा पोलीस दाखला जोडायचा राहिला. आम्हाला तो लागतो हेच माहीत नव्हतं. पूर्ण फी देणाऱ्यांना एजंट ते सांगत असे. त्या माणसावर माझा राग आजही आहे आणि मरेपर्यंत राहील. एक शब्द बोलायला त्याचं काय जात होतं? पण तो शब्द भावात धरलेला होता आणि तो भाव मी पाडला होता.

नकार मोबाइलवर आला, मुदत संपायच्या आत देश सोडा म्हणून. मी त्या सरकारी कचेरीत गेलो. समोर काच, काचेमागे एक सभ्य पोरगी. म्हणाली, इथे काही होत नाही, निर्णय ऑनलाइन आहे. मी ओरडलो. तिने पाणी विचारलं. मी आयुष्यभर भाव करत आलो. समोरचा चिडला, हसला, खोटं बोलला, तर त्यातून मला वाट सापडते. इथे समोर कोणी नव्हतंच. मी त्या काचेशी भांडून घरी आलो.

चारपैकी पहिलाच रविवार त्याच्या वाट्याला आला. त्याने क्रेट असा वाजवला की गाणारी गाता गाता मागे वळून बघत होती. बुधवारी त्याला विमानतळावर सोडलं. मी म्हटलं, "मले शिव्या घाल."

"कायले? तू तं माह्याच फायद्यासाठी भांडला."

दुसऱ्या रविवारी मी एकटा गेलो. त्याच्या जागी एक दाढीवाला खरा ढोल घेऊन बसला होता. गाणी छान झाली. लोक नाचले. मला कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं आणि फोडण्यासारखं कोणी नव्हतं.

दोन वर्षांनी मीही परत आलो. वाशीमच्या ठोक भाजीबाजारात गाळा घेतला. एका सकाळी तो वांग्यांची पोती घेऊन ऑटोतून उतरला. वडिलांचं शेत आता तोच करतो. चहा झाला. त्याने विचारलं, "माह्यावाल्या जागेवर मंग कोन बसलं?"

"कोनी नाही. रिकामी ठेवली होती तिनं."

"रिकामी जागा कोन ठेवते बे," तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, "वांग्याले काय भाव देशीन?"

"तू सांगशीन तो."

त्याने सांगितला तो दिला. पुढच्या आठवड्यात त्याने मुद्दाम वाटेल तो आकडा सांगितला, तोही दिला. तिसऱ्या खेपेला त्याने पोतं माझ्या काट्यावरून खाली घेतलं.

"काहून बे, माह्याशी भाव काहून करत नाही?"

"तुह्यासंग काय भाव करू?"

"सगळ्यायसंग करतं. आताच त्या बुढ्याले रडवलं तू. मी काय भीक मांगून राह्यलो?"



आता तो समोरच्या गाळ्यावर माल देतो. तो गाळेवाला पक्का आहे. याच्या वांग्यात कीड काढतो, हा वांगं चिरून त्याच्या नाकाशी धरतो, आवाज चढतात, हमाल हसतात. ठरलेला भाव मला इथपर्यंत ऐकू येतो. मी देत होतो त्यापेक्षा किलोमागे दोन रुपये कमी. पोती रिकामी करून, झटकून, तो ऑटोत बसतो आणि माझ्या गाळ्यासमोरून जाताना हात वर करतो. एकही दिवस चुकवत नाही. मीही हात वर करतो आणि पुढच्या माणसाला म्हणतो, "बोल लवकर, काय घेशीन?"