हंगेरीला न गेलेली पेटी

ॲथलोनमधला आमचा शेजारी दर सप्टेंबरला सामानाचं वजन करायचा काटा मागायला येतो. पुण्याच्या माणसांकडे तो असणारच, हे त्यानं बरोबर ताडलंय. आयर्लंडमध्ये धनुष्यबाणानं शिकार करायला बंदी, म्हणून हा हरणांसाठी विमानानं हंगेरीला जातो. अंगणात लांबलचक पेटी उघडून बाणांची पाती वेगळ्या डबीत ठेवतो आणि धनुष्याला स्वेटर गुंडाळतो. मी साड्यांत पुरणयंत्र गुंडाळून आणलं होतं, अगदी तसं. मला शिकार मुळीच आवडत नाही. तसं तोंडावर सांगितलं, तरी त्याचं आपलं "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत "चालतंय, चालतंय."

यंदा उजवा हात गळ्यात बांधून आला. पेटी मात्र भरलेली होती. मीच ती काट्याला लावून उचलली.

"बसतेय वजनात. पण या हातानं धनुष्य ओढणार कसं?"

"जात नाहीये. खांद्याचं ऑपरेशन झालंय," तो म्हणाला. "वजनात बसतेय का, तेवढंच बघायचं होतं."

मग डाव्या हातानं एकेक स्वेटर काढून तो घड्या घालत बसला.

आमचंही पुण्याला जाणं यंदा रद्द झालंय. तरी घरात येऊन मी बॅग काढली, आईसाठी घेतलेली शाल तिच्यात ठेवली आणि काट्याला अडकवली.