तुंगार्लीचं धुकं, उघडा पत्रा आणि खंडेनवमी

"दिवाळीनंतर गाडी चालवायची नाही," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना बजावलं आणि त्याच संध्याकाळी आमचं लोणावळ्याला जायचं ठरलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर उभी हयात ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला जाताना आपली जुनी मोटार त्यांना देऊन गेले. ती तिथल्याच शेडमध्ये गंजत पडली होती. नजर जायच्या आत ती स्वतः चालवत पुण्याला आणायची, एवढंच अण्णांचं मागणं होतं. इंजिन त्यांनी आधीच दुरुस्त करून ठेवलं होतं. पत्र्याचं काम माझ्या गळ्यात, कारण मी कारखान्यात रंगखात्यात होतो.

दसऱ्याला जोडून रजा मिळाली. हे हुकलं तर दिवाळीपर्यंत रजा नाही, म्हणजे सगळंच हुकलं. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराच्या रंगाचा, डबा मांडीवर, थिनरची बाटली पायांत, आणि शेजारी कुणी विडी काढली की माझा जीव वर. कामशेतच्या पुढे डोंगर दिसेनासे झाले. लोक त्या धुक्यासाठी लोणावळ्याला जातात, मला ते बघून घाम फुटला. स्टेशनवरून तुंगार्लीला तेव्हा टांगा मिळे. चढावर खाली उतरून चालायचं, हे भाड्यातच धरलेलं असे.

बंगला सखूमावशी सांभाळायची. वर डोंगरातल्या वाडीची, आवाज खणखणीत. गेल्या गेल्या तिने नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. तसा ठेचा मी नंतर कुठेच खाल्ला नाही.

जुनी गाडी करणाऱ्यांसाठी सांगतो. रंग आणि गंज खरवडून पत्रा पांढराशुभ्र उघडा केला की खरी काळजी तिथून सुरू होते. उघड्या पत्र्याला पाणी चालत नाही, दमट हवा चालत नाही, घामट हातसुद्धा चालत नाही. बोटं उमटतात आणि तिथूनच गंज धरतो. थिनरने पुसायचं आणि कोरड्या हवेत लगेच रेड ऑक्साइड. आम्ही दोन दिवस घासलं. पत्रा चकाकला आणि नेमकं तुंगार्लीच्या तळ्यावरून धुकं शेडमध्ये शिरलं. कोरड्या चादरी टाकून, दारं लावून बसलो. मी घटकेघटकेला चादर उचलून बघत होतो. "अरे, दूध ठेवलंयस का उतू जायला?" अण्णा म्हणाले. पण रात्री तेही झोपले नाहीत.

सकाळी थिनर संपलं म्हणून मी बाजारात गेलो. परततो तो चक्क ऊन! धावतच शेड गाठली. गाडीच्या अंगावरून पाणी निथळत होतं. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. पुढे पाटावर माझा तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रंगाचे ब्रश, सगळ्यांना हळदकुंकू.

"आज खंडेनवमी न्हाई का," मावशी कौतुकाने म्हणाली. "गाडीला आंगूळ घातली. पारोशी कशी पुजायची?"

माळेखाली पत्रा नारिंगी व्हायला लागला होता. मी ओरडत ब्रशकडे झेपावलो, तर मावशी आडवी आली.

"पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई! आमच्या मालकांनी असाच कोयता उचललावता. पाय तुटता तुटता वाचला."

"मावशी, ऊन जाईल! अण्णांची गाडी जाईल!"

"आन् पोराचा हात गेला म्हंजी?"

मी अण्णांकडे पाहिलं. नवस, मुहूर्त न मानणारा माणूस, पण ते मावशीचा शब्द मोडेनात. मग त्यांनी विचारलं, "सखू, आज भांडी घासलीस का?"

"व्हय. ती काय चुकत्यात व्हय?"

"कशाने?"

"राखंनं. काथ्यानं." आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. पदर खोचून ती चुलीकडे पळाली.

कोरडी राख, नारळाचा काथ्या. कढईचं बूड घासावं तशी मावशीने गाडी घासली. तिच्यामागून मी थिनरने पुसत होतो आणि माझ्यामागून अण्णा जुन्या धोतराच्या बोळ्याने रेड ऑक्साइड चोळत होते, कारण ब्रश पाटावर. कारखान्यात असं काम केलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. शेवटचं दार माखलं आणि डोंगर पुन्हा दिसेनासे झाले.

तो थर टिकला का? बराचसा. डाव्या दाराखाली नंतर गंज फुटला, तेवढा मी दर वर्षी खरवडतो. धुकं मात्र मला अजून सुखाने बघता येत नाही.

मग रविवारी येऊन-जाऊन दिवाळीच्या तोंडावर हिरवा रंग चढला. अण्णा स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केलं, फाटकापर्यंत गाडी आणली. तिथे ब्रेक दाबून थांबले.

"फाटकाचा खांब कुठंय रे?" त्यांनी विचारलं. खांब डाव्या हाताला, अगदी जवळ होता.

ते उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मी स्टिअरिंगवर बसलो. वडगावपर्यंत ते "गिअर बदल", "बैलगाडी बघ" करत राहिले. मग आवाज थांबला. आरशात पाहिलं तर झोपले होते. मोटारीत या माणसाने जन्मात डोळा मिटला नव्हता. पुण्यात दारासमोर इंजिन बंद केलं, तरी त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं.