चांगुणाने कुंकू पुसलं

चांगुणाबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, आधीच सांगते. मी वेणू, अंबरनाथच्या बुवापाड्यातली. शहाऐंशी साली आम्ही दोघी उल्हासनगरला हासोमल शेठच्या रेडिओ रिपेरिंगच्या दुकानात कामाला होतो. काम काय, तर वायरी सोलायच्या आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर नवी तार गुंडाळायची.

चांगुणा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली, आगऱ्यांची लेक. ऐन तिशीत नवरा गेला. तेरावं व्हायच्या आत सासरच्यांनी तिची जागा चुलीमागे ठरवून टाकली. ही चौदाव्या दिवशी डबा घेऊन उल्हासनगरला हजर! चार वर्षं तिने तार गुंडाळता गुंडाळता मेकॅनिकचे हात बघितले आणि भंगारातल्या रेडिओंवर मीटर लावायला शिकली. मला म्हणायची, "वेणू, जन्मभर तार गुंडाळायची नाय मला. त्या टेबलावर बसायचंय."

टेबल मेकॅनिक गुरुदत्तचं. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःला फार शहाणा समजायचा. "बायकांनी तार गुंडाळावी, सोल्डरने जोड मारणं हे डोक्याचं काम हाय," म्हणायचा. अरे, मग आमच्या मानेवर काय मडकं होतं?

एके दिवशी जयदेव नावाचा माणूस त्याचा कॅल्क्युलेटर घेऊन चौथ्यांदा आला. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात तो त्यावर मिश्रणांची प्रमाणं काढायचा. लाल आकड्यांचा जुना कॅल्क्युलेटर, मामाने कुवेतहून आणलेला.

"नवा सेल घालतो, बटण बंद करून कपाटात ठेवतो. चार दिवसांनी बघतो तर सेल मेलेला!"

गुरुदत्तने तीनदा सेल बदलून दिला होता. आता म्हणाला, "आयसी गेलाय. भंगारात टाका."

चांगुणा बसल्या जागेवरून बोलली, "बंद असताना सेल कोण खातंय ते तरी बघितलंस का?"

गुरुदत्तचा चेहरा लालबुंद. "तू बघ मग! सेल आठ दिवस टिकला तर माझ्या खुर्चीत बस. नाय टिकला तर परत या टेबलाला हात लावायचा नाय."

"शेठ, ऐकलंत ना?" चांगुणाने विचारलं.

"सुना, सुना," शेठ चहा पीत म्हणाले.

तिने सेलची एक वायर सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. कॅल्क्युलेटर बंद, तरी काटा सरकला. "बघ, बटण बंद हाय आणि करंट चाललाय. चोर बटणापाशीच बसलाय." मग तिने मागचं झाकण उघडलं. बटणाच्या दोन पायांमध्ये लालपिवळा चिकट थर होता. तिने वास घेतला. "अगं बाई, हळद!"

जयदेव तिथेच उभा होता. तिने त्याला विचारलं, "दादा, याची पूजा करता का?"

"दर दसऱ्याला. पाटावर ठेवून हळदकुंकू, अक्षता, वरून फुलाने पाणी. माझं हत्यारच आहे ते! या गुरुदत्तना बजावलं होतं, कुंकवाला हात लावू नका म्हणून."

गुरुदत्त छताकडे बघायला लागला. म्हणजे मेल्याने तीनदा झाकण उघडलं, तीनदा कुंकू बघितलं आणि तीनदा तसंच ठेवलं! सहा दसऱ्यांचं कुंकू पाण्याबरोबर फटीतून आत उतरलं होतं. दमट हवेत ते ओलं राहायचं आणि बंद बटणातूनही करंटला वाट द्यायचं.

चांगुणाने स्पिरिट घेतलं, जुना टूथब्रश घेतला. जयदेव "अहो, अहो" म्हणेपर्यंत कुंकू साफ. काटा शून्यावर येऊन थांबला. नवा सेल घालून तिने कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला.

त्या आठ दिवसांत गुरुदत्तने अख्ख्या बाजारात बोंब मारली, विधवेने कुंकू पुसलं म्हणून. आठव्या दिवशी जयदेव पडक्या चेहऱ्याने आला. "आईला कळलं. ती म्हणते, अशा हातांनी कुंकू पुसलेली वस्तू घरात नको."

"बोललो होतो ना!" गुरुदत्त म्हणाला.

चांगुणाने हातातली तार खाली ठेवली. "दादा, माझ्या कपाळाचं पुसलं तेव्हा मला कोणी विचारलं नाय. मी नको नको म्हणून रडत होते, तरी पुसलं. मग मशीनवरचं पुसायला मी कोणाला विचारू? आईंचं मला सांगू नका. सेल जिवंत हाय का मेला, तेवढं सांगा."

जयदेवने खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि बटण सरकवलं. लाल आकडा लख्ख पेटला.

"मस्करी केली होती, च्यायला," गुरुदत्त पुटपुटला आणि खुर्चीत आणखी घट्ट बसला. शेठनी पेपरात तोंड घातलं. मी ओरडले, "ऊठ की रे!" चांगुणाने मला हातानेच गप्प केलं. त्याच्यासमोरची सोल्डरगन उचलली, दुरुस्तीला आलेला एक रेडिओ ओढला आणि टेबलापाशी उभ्यानेच कामाला लागली.

त्या दिवशी उभी. दुसऱ्या दिवशी उभी. अकरा दिवस! पाय सुजले, पण खुर्चीचं नाव काढलं नाही. गिऱ्हाइकं आपणहून तिच्या बाजूला जायला लागली, तेव्हा बाराव्या दिवशी शेठ स्वतः नवीकोरी खुर्ची उचलून घेऊन आले. "बैठ जा बाई, बस हो गया."

तिने त्या खुर्चीकडे ढुंकूनही बघितलं नाही. "ही नको, शेठ. बोली त्या खुर्चीची झाली होती."

गुरुदत्त उठला.