धार काढणाऱ्याचा हात
बायको वारली, गाईची धार मी काढू लागलो आणि दूध घटलं. राजुरीत जो तो म्हणायचा, "म्हातारीचा हात गेला, गाय आटली."

त्या साली कॉलेजातली एक बाई रोज सकाळी गावातल्या पाच घरांचं दूध मोजायला यायची. केसांत पेन्सिल खोचलेली. धार कुणी काढली ते आधी लिहायची, मग माप घ्यायची. गाईला ओळखीचा वास यावा म्हणून मी बायकोचं लुगडं खांद्यावर टाकायचो. तिनं तेही लिहिलं, पण हसली नाही.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्या हातानं किती दूध गेलं?"

तिनं मांडीवरचा कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. त्यावर एक आडवी रेघ होती.

"बाबा, धार काढणारा बदलला की किती फरक पडतो, ते या रेघेत कुठंतरी आहे. हे टोक शून्य, ते टोक दिवसाला दोन लिटर."

"नक्की किती?"

"पाचच घरं मोजली. एकच आकडा सांगितला तर तो खोटा होईल."

"म्हंजी माझा दोष नसंलबी?"

"नसेलही. असेलही."

बायको गेल्यापासून इतकं सरळ मला कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लुगडं उशाशीच ठेवून धारेला बसलो. दूध तेवढंच आलं. तो वास गाईपेक्षा मलाच हवा होता.