मामांचा गादी कारखाना

कोल्हापुरात माणसाला आडवं करून ओळखणारे दोघेच: एक तालमीतले वस्ताद आणि दुसरे माझे मामेसासरे. वस्ताद त्यासाठी लाल माती वापरत, मामा कापूस. गंगावेशीत त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं, आणि त्या दुकानातून कुणी नुसती मापं सांगून उभ्याउभ्या परत गेलाय, असं मी तरी कधी पाहिलं नाही. "मापं ऱ्हाऊ द्या पावणं, आधी आडवं व्हा," असं म्हणत मामा गिऱ्हाइकाला फळीवर निजवत, त्याच्या उशाशी उकिडवे बसत आणि डॉक्टरलाही सुचणार नाहीत अशा चौकशा करत. कोणत्या कुशीवर निजता? घोरता का? स्वप्नं पडतात का, पडली तर कसली? कागलच्या एका मास्तरांना स्वप्नात विहिरीत पडायची सवय होती. मामांनी त्यांच्या गादीच्या चारी कडा चांगल्या जाड करून दिल्या आणि "आता पडा बघू!" असं वर आव्हान दिलं. एका पैलवानानं मात्र फळीला पाठ टेकायला साफ नकार दिला. भर पेठेत पाठ लागली तर तालमीत तोंड काय दाखवायचं? "मग पोटावर पडा की," मामा म्हणाले, आणि पुढची सगळी मुलाखत त्यांनी पैलवानाच्या टाळूकडे बघत घेतली.

कापूस ते स्वतः पिंजत. धनुकलीची तात घुमायला लागली की मामांचे डोळे अर्धवट मिटत आणि भुवयांवर कापूस उतरत जाई. मामी खोळी शिवत. गादी तयार झाली की दुपारी मामा तिच्यावर झोपून बघत. तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच, तर मामी ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेरच्या बाकावर बसवत. ते कुरकुरलं तर आतून, डोळे न उघडता, उत्तर येई, "थांबा की जरा. अजून झोप उतरली न्हाय हिच्यात."

अशा माणसानं फोमच्या गाद्यांची एजन्सी घेतली, तेव्हा आम्हा नातेवाइकांपैकी कुणालाच ते खरं वाटेना. झालं होतं असं, की ज्या लेकीसाठी मामांनी सावरीचा मऊ कापूस जपून ठेवला होता, तिनंच लग्नात फोमची गादी मागितली. धनुकली माळ्यावर गेली. दुकानाला काच लागली, फिरती खुर्ची आली, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांवर पाटी झळकली, 'कृपया वर बसू नये'. लोक येत, अंगठ्यानं गादी दाबून बघत आणि घेऊन जात. धंदा जोरात चालला. मामा आता "बोला साहेब, साइज काय?" असं विचारू लागले. त्यांच्या तोंडचं ते 'साहेब' ऐकलं की मला परक्याच्या दुकानात आल्यासारखं वाटे. त्यांची दुपारची झोप गेली, मग रात्रीचीही गेली. "नुसतं आढ्याकडं बघत पडत्यात," मामी हळूच सांगत, "जेवताना बी बोलत न्हाईत." शेवटी मामांनी ठरवलं, दुकान भाड्यानं द्यायचं आणि घरी बसायचं. वह्या-पेनांचा एक व्यापारी जागा घ्यायला तयार झाला आणि करारावर साक्षीदार म्हणून मामांनी मला बोलावून घेतलं.

आम्ही तिघं दुकानात बसलो होतो, मामी मागच्या अंगणात होत्या. व्यापाऱ्यानं सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, तोच गडमुडशिंगीची एक म्हातारी दारात आली. डोक्यावर जुन्या गादीची वळकटी.

"हे पिंजून पायजे, दादा."

"ते बंद केलं, मावशी. फोमची न्या की."

"आणली व्हती पोरानं. आमचं मालक दवाखान्यातनं आल्यापास्नं पडूनच असत्यात. त्यास्नी न्हाय सोसत ती. म्हनत्यात, हिच्यावर निजलं की ही वर ढकलती. पावण्यागत उठून जावं वाटतंय."

मामा खुर्चीतून ताडकन उठले. "व्हय! ढकलती! ढकलतीच की!" ते व्यापाऱ्याच्या तोंडावर ओरडले. "एवढं दीस झालं, मला सांगता येईना, न् त्या गड्यानं पडल्या पडल्या वळखलं!"

माळ्यावरून धनुकली खाली आली. मागच्या अंगणात मामांनी गादी उसवली, आणि तात घुमू लागली. कितीतरी माणसांच्या झोपेनं दडपलेला तो कापूस सुटा होत होत उन्हात वर चढला. निंबोणीवर बसला, मामींच्या अंबाड्यावर बसला, व्यापाऱ्याच्या काळ्या टोपीवर बसला. मी सही करायला आलो होतो हेही विसरलो. ढगात बसल्यासारखं वाटत होतं, आणि त्या ढगातून मामांचा जुना आवाज येत होता.

"कुठल्या कुशीवर निजत्यात?"

"डाव्या."

"सपान पडतंय?"

"बैलं येत्यात म्हनं सपनात. औंदा इकली ती. उशाशी येऊन हुबी ऱ्हात्यात."

मामांची धनुकली थांबली. त्यांनी मामींकडे बघितलं. "खोळ हातभर जादा रुंद शीव गं. बैलांस्नी जागा नको?"

मामींनी काही न विचारता नवं कापड काढलं. संध्याकाळी गादी तयार झाली आणि मामा सवयीनं तिच्यावर आडवे झाले. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला, मग घोरणं ऐकू आलं. म्हातारी भिंतीला टेकून निवांत वाट बघत बसली. व्यापाऱ्यानं पेनाला टोपण लावलं, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता निघून गेला.

एजन्सी परत गेली. मोठी गिऱ्हाइकंही तुटली, घरखर्चाला ओढ लागली, पण मामा सकाळचा चहा अर्धा टाकून दुकानाकडे पळू लागले. "कोण येतंय आज, बघू की," म्हणत. मलकापूरहून एक नवरा-बायको गादी मऊ हवी की घट्ट यावरून भांडत आले, तेव्हा तर मामांच्या तोंडावर सणासुदीचा आनंद होता.

पुढे हात थकले. दुकान बंद झालं. शेवटच्या आजारात त्यांना दिवस-वेळेचं भान उरलं नव्हतं. डोळे उघडले की विचारत, "दुकानात कोण आलंय गं?" आणि मामी उशाशी बसून रोज एक गिऱ्हाईक रचून सांगत. कधी जाडजूड वाणी, कधी कुशी बदलत राहणारा वकील. मामा पडल्या पडल्या कापूस किती घालायचा ते ठरवत.

एकदा मामींना कुणी सुचेना. मग त्या म्हणाल्या, "एक बाई आलीया. नवरा लई आजारी हाय तिचा. तिला झोप न्हाय."

मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात मात्र चादरीवर सरकत मामींच्या हातापर्यंत आला.

"बसवून घे तिला," ते म्हणाले. "तिचं आधी करू."