ते गाणं वन्सं गायल्याच नव्हत्या

दुपारी वन्सं गेल्या. त्यांना दवाखान्यातून पंचवटीतल्या घरी आणायच्या आधीच केबलवाल्याचा फोन. "काकू, वाईट झालं हो. मालतीबाईंचा एखादा हसरा फोटो मिळेल का? गाणं आहे आमच्याकडे." गाणं होतंच त्यांच्याकडे. संध्याकाळपासून पडद्याच्या तळाशी 'ज्येष्ठ गायिका-अभिनेत्री' अशी अक्षरं सरकत होती आणि वर ते कृष्णधवल गाणं, पुन्हा पुन्हा. समाचाराला आलेल्या बायका डोळे पुसत म्हणत होत्या, "काय आवाज होता ना!" आवाज दुसऱ्याच बाईंचा होता. पण अशा वेळी कुणाकुणाला समजावत बसणार? मी मान हलवत राहिले.

मालतीबाई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं संगीत नाटकांच्या दौऱ्यांत गेली. मी नवी नवरी असताना सटाण्याच्या मैदानात त्यांचा प्रयोग पाहिला होता. ऐन पदात माइक बंद पडला. वन्सं दोन पावलं पुढे आल्या आणि तशाच गात राहिल्या. अगदी मागे बैलगाड्यांवर बसलेल्यांनी वन्समोअर दिला! वन्समोअर आला की पद पुन्हा म्हणायचंच, मग घसा बसलेला असो की अंगात ताप असो... तो त्यांच्या लेखी हुकूम होता. पुढे सिनेमा आला. निर्मात्याने चेहरा घेतला आणि आवाज नाकारला. म्हणे, नाटकी आहे, पडद्यावर चालायचा नाही. मुंबईच्या एका गायिकेने गाणं म्हटलं, वन्संनी ओठ हलवले. त्या गायिकेचा काय दोष? सुरेखच गायली आहे मेली. पण सिनेमा चालला, नाटक कंपन्या बुडाल्या आणि वन्संचं सगळं गाणं त्या एका उसन्या गाण्याखाली गाडलं गेलं. त्यांच्या पदांचं ध्वनिमुद्रण कुणी केलं नाही. कुणाला तशी गरजच वाटली नाही.

नव्वदच्या सुमारास त्या कायमच्या आमच्याकडे आल्या. मालिकांमध्ये आजीची कामं मिळायची, दोन वाक्यं आणि थोडं खोकायचं. "खोकला तरी माझाच घेतात हो," म्हणून स्वतःच हसायच्या. कुंभमेळा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात इथल्या काही मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष घरी येऊन, चिवडा खाऊन, वाकून नमस्कार करून सांगून गेले, "बाई, तुमचं एक पद झालंच पाहिजे." झालं! दही बंद, लोणचं बंद, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या. त्यांच्या नाटकांना साथ करणारे म्हातारे अण्णा घोटीहून ऑर्गन घेऊन आले आणि आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. वयापरत्वे सूर खाली घ्यावा लागला, तेव्हा वन्संचे डोळे भरले. अण्णा म्हणाले, "रडायचं नाय बाई. खालच्या सुरात लय गोड लागतंय तुमचं." आणि खरंच लागत होतं. आपल्या गावाने आपल्याला एकदा आपल्या आवाजात ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. एवढंच!

सत्काराला भाषणं झाली. नगरसेवक बोलले, नगरसेवकांचे मेहुणेही बोलले. अण्णांचा ऑर्गन विंगेतच राहिला. मग अध्यक्ष माइकवर आले. "वेळ फार झालाय. बाईंना आता गाण्याची तसदी नको. आपण त्यांचं ते अजरामर गाणं लावू या, त्यांनी त्यावर नुसता अभिनय करावा." आणि लावलीच सीडी. मला वाटलं, वन्सं उठून निघून जातील. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि ओठ हलवू लागल्या. एक श्वास चुकला नाही. लोक वेडे झाले. टाळ्या, शिट्ट्या आणि वन्समोअर... वन्संनी मान लववली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

रिक्षात मी भडकले होते. "का केलंत वन्सं? तोंडावर सांगायचं होतं त्यांच्या!"

"वन्समोअर आला की करायचं, सुमन."

"अहो, पण तो तुम्हाला नव्हता!"

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या आणि शालीत तोंड लपवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा निघायचे होते. ऑर्गन बांधायच्या आधी वन्संनी त्यांना बसवलं आणि ते पद गायलं. ऐकायला मी आणि अण्णा, बस्स. आवाज कुठे कुठे फाटत होता, तरी अंगावर काटा आला. संपलं तेव्हा अण्णा म्हणाले, "वन्समोअर, बाई."

जन्मात कधी न मोडलेला हुकूम वन्संनी त्या दिवशी मोडला. "नाही अण्णा. झालं आता." त्यानंतर त्या गायल्या नाहीत. अण्णा पुढच्याच वर्षी गेले.

आता वन्संना जाऊन दीड महिना झाला. शोकसभेतही तीच सीडी वाजली, तेच अध्यक्ष गहिवरले. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, उलट हात शिवशिवत होते. पण खरी भीती वेगळीच आहे. परवा त्यांच्या खोलीत दार लावून बसले आणि ते त्या सकाळचं पद आठवायला लागले. शब्द आले, चाल आली, आणि आवाज आला तो सिनेमातला. डोळे मिटले, पुन्हा आठवलं... पुन्हा तोच. त्या सकाळचं त्यांचं गाणं ऐकलेली मी एकटी उरले आहे आणि माझ्याही कानांतून ते काढून घेतलंय या लोकांनी. म्हणून मी गाणं आठवायचं सोडलंय. सकाळी त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर सवयीने चहाचा कप ठेवते आणि थांबते. "सुमन, साखर विसरलीस गं..." हे अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.